आत्याचा तोंडावळा

४ ऑगस्ट
वसतिगृह, खोली नंबर चौदा

ती. आत्यास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी पळून गेलेलं नाही. निदान मी तरी नाही. तुझ्याबद्दल मात्र आता खात्रीनं काही सांगता येत नाही.

झालं असं. परवा मी प्रयोगशाळेत परीक्षानळी धरून उभी होते आणि आईचा फोन आला. तिनं आधी विचारलं, जेवलीस का. मग रडली. मग विचारलं, तो कोण? मी म्हटलं, कोण तो? ती म्हणाली, तेच तर मी तुला विचारतेय.

तुला आधी 'टोळी' समजावून सांगते. आमच्या कॉलेजात या नावाचं अ‍ॅप आहे. वेळापत्रक, नोट्स, कुणाचं कुणाशी फाटलं, सगळं त्यावर. कुणीही फोटो टाकला की ते त्यातले चेहरे चाचपतं आणि ज्याच्या त्याच्या तोंडावर नाव चिकटवतं. नुसतं आमच्याच कॉलेजातलं नव्हे, जिथे जिथे टोळी आहे तिथलं सगळं. शिवाय त्यात 'पालक खिडकी' आहे. आपलं लेकरू कुठल्या फोटोत सापडलं की आईबापांच्या फोनवर टुणकन घंटी वाजते. प्रवेशाच्या वेळी बाबांनी त्याच्या कागदावर सही केली. मीही केली. वाचलं दोघांनीही नाही.

तर आईच्या खिडकीत फोटो आला. स्कूटर. पुढे हेल्मेट घातलेला एक रुंद पाठीचा धटिंगण. मागे मी, त्याच्या कमरेला मिठी मारून, जबडा उघडा टाकून हसतेय, ओढणी झेंड्यासारखी. वेळ सकाळी पावणेआठ. ठिकाण, इथून रेल्वेनं आठ तासांवरच्या एका कॉलेजचं फाटक.

तुझ्या गावातलं कॉलेज, आत्या.

मी फोटो मोठा करून पाहिला. चष्म्याची फ्रेम माझीच, तपकिरी. पण डाव्या काडीला तांब्याचा स्क्रू. तो माझ्या चष्म्याला नाही. एकाच खोक्यातल्या दोन फ्रेमी तू आपल्या दोघींना बसवल्यास, आणि तुझा स्क्रू हरवला म्हणून रेडिओतला काढून लावलास, तोच तो.

आता सांग. तुझं दुकान अकराला उघडतं. पावणेआठला तू कुणाच्या पाठीला चिकटून कुठे निघाली होतीस? आईला मी एवढंच सांगितलं की फोटो चुकीचा आहे. ती म्हणते फोटो खोटं बोलत नाही, मुली बोलतात.

फोनवर विचारलं नाही, कारण घरच्या ग्रुपवर बाबा आहेत, आणि टोळीला माझ्या फोनातलं काय काय दिसतं ते देवच जाणे. पोस्टमन निदान पाकीट फोडत नाही.

तुझा लोभ आहेच, त्याची काळजी नाही. काळजी उत्तराची आहे.

तुझी
भिंगरी

~

९ ऑगस्ट
दुकान, दुपारची सामसूम

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काउंटरमागे उभ्यानं वाचलं आणि अशी हसले की समोर डोळे तपासायला बसलेल्या आजोबांनी खालच्या ओळीतली सगळी अक्षरं चुकीची सांगितली. मालक म्हणाले, बाई, तब्येत बरी आहे ना.

आता कान देऊन ऐक. हे तिसऱ्या माणसाला कळता कामा नये.

मी कॉलेजात जाते.

बारावी मी दोन वर्षांपूर्वी बाहेरून देऊन टाकली, ते कुणालाच माहीत नाही. यंदा बी.ए.ला प्रवेश घेतला. सकाळचे वर्ग साडेसात ते साडेदहा, अकराला मी दुकानात. पहिल्या दिवशी मी आत गेले तर सरच उठून उभे राहिले. त्यांना वाटलं तपासणीला कुणी बाई आल्या. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा बिचारे खडू हातात धरून दोन मिनिटं तसेच.

तुझा धटिंगण म्हणजे माझी बाकमैत्रीण आहे. हॉकीच्या संघात गोल अडवते म्हणून सगळे तिला गोलकीपर म्हणतात. खांदे दाराएवढे, मन लोण्याचं. माझी बस चुकली की ती मला स्कूटरवर घेते. कॉलेजच्या फाटकाशी वळताना मी ओरडते, ती मुद्दाम वेग वाढवते. फोटो त्याच वळणावरचा असणार.

तुझ्या बापाला का सांगितलं नाही, ते तू विचारणारच. आमचे बाबा गेले तेव्हा मी सोळाची, धाकटा बाराचा. मी दहावीनंतर याच दुकानात भिंगं घासायला लागले आणि तो शिकला. या गोष्टीचं मला दुःख नाही, पण त्याला आहे, आणि तो ते झाकत फिरतो. आता मी शिकतेय म्हटलं की तो ते दुःख बाहेर काढून बसेल, धावत येईल, पुस्तकं आणेल, रोज फोन करून विचारेल की ताई, समजलं का. मला नापास व्हायची मोकळीक हवी आहे ग. पहिल्या सत्राचा निकाल हातात पडला की मीच सांगीन.

आणि खरं सांगू? त्रेपन्नाव्या वर्षी एका यंत्रानं मला एकोणीस वर्षांची ठरवलं, यात मला तरी काही वाईट दिसत नाही. दोघींच्या बुबुळांमधलं अंतर बासष्ट मिलिमीटर आहे, मीच मोजलंय. नाकाचं हाड तेच, हनुवटीही तीच. तोंडावळा आमच्या घराण्याचा, त्यात माझा काय दोष?

आईला काहीतरी थाप मार. अभ्यास कर. मीही करते.

लोभ करतेसच, तोंडही बंद ठेव म्हणजे झालं.

तुझी
आत्या

~

२१ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अभिनंदन! अभिनंदन! अभिनंदन! खोलीत एकटीनं उड्या मारल्या, खालच्या मजल्यावरून काठी आपटली कुणीतरी.

एवढं झाल्यावर आता तक्रारी ऐक.

गेल्या बारा दिवसांत मी तुझ्या गावात पुढील गोष्टी केल्या. वाचनालयात तोंड उघडं टाकून झोपले. कॅन्टीनच्या टेबलावर ताल धरून गायले. 'मुलींसाठी स्वच्छ संडास' असा फलक घेऊन प्राचार्यांच्या दाराशी बसले. अर्थशास्त्राच्या तासाला बाकाखाली चणे खाल्ले. प्रत्येक वेळी घरी टुणकन घंटी. आई आता मला फोन करत नाही, बाबांना करायला लावते. बाबा म्हणतात की चणे खाण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण तू तिथे गेलीस कधी आणि कशाला? मी म्हणते मी इथेच आहे. ते म्हणतात मग हे कोण? मी फोन ठेवते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं चाललंय, आणि चोर माझी लाडकी.

माझी मैत्रीण तर मला चिमटा काढून बघते, खरी आहेस ना म्हणून.

मी नाव काढून टाकायचा अर्ज केला. अ‍ॅपनं सांगितलं, चेहरा काढायचा असेल तर आधी चेहरा दाखवा. दाखवला. म्हणालं, हा चेहरा आपल्या नेहमीच्या चेहऱ्याशी पुरेसा जुळत नाही. कळलं का तुला? तुझेच फोटो इतके झालेत की आता मीच माझ्यासारखी दिसत नाही!

इथपर्यंत मी हसत होते. पण परवा एक निरोप आला. ओळख ना पाळख, नाव खोटं, फोटोच्या जागी सूर्यास्त. त्यानं लिहिलं होतं की तू रोज सव्वासातला बसथांब्यावर एकटी असतेस, मंगळवारी निळी पिशवी होती, छान दिसतेस. आत्या, निरोप मला आला, पण थांब्यावर तू असतेस. निळी पिशवी तुझीच ना? त्यानं तुला पाहिलं, फोन रोखला, आणि यंत्रानं त्याला माझं नाव, वर्ग, वसतिगृह सगळं काढून दिलं. तुझ्या चेहऱ्यावरून माझ्या दारापर्यंतचा रस्ता त्याला एका क्षणात सापडला. त्या दिवसापासून मी खिडकीचा पडदा ओढून अभ्यास करते.

हे मी घरी सांगितलं नाही. सांगितलं तर तुझंही सांगावं लागेल. बाबा दोन सप्टेंबरला येतायत. मला घरी न्यायचं म्हणतात, एका वर्षासाठी. आई बॅग आवरायला सांगते.

तू थांबा बदल. आधी ते कर, मग उत्तर लिही.

तुझी, आणि बहुधा तूच,
भिंगरी

~

२५ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पत्र वाचून हसू कुठच्या कुठे पळालं. किती मूर्ख मी. चेहरा जुळला म्हणून मिरवत होते, आणि तू तिकडे पडदे ओढून बसलीस.

थांब्याचं ऐक. आता गोलकीपर मला घरापासून नेते आणि दुकानापर्यंत सोडते. ती सकाळी सातला दाराशी हॉर्न वाजवते आणि हातात हॉकीची काठी असते, लागत नाही पण असते. त्या सूर्यास्ताचा निरोप छापून घे, तारीख दिसू दे, आणि वसतिगृहाच्या बाईंना आजच्या आज दाखव. लाजू नकोस. लाजायचं त्यानं.

मग मी टोळीवाल्यांकडे गेले. आमच्या कॉलेजच्या पोर्चमध्ये त्यांचं टेबल असतं, तिथे एक गोड मुलगी फुगे आणि पेनं वाटते. मी म्हटलं, माझा चेहरा परत द्या. तिनं फोन माझ्यासमोर धरला. फोननं पुन्हा स्वागत असं म्हणून तुझं पूर्ण नाव घेतलं. मी म्हटलं ही मी नव्हे. मुलगी हसत म्हणाली, मॅडम, सिस्टिम म्हणते तुम्हीच. मी म्हटलं, माझं खातंच नाही, मी तुमच्या टोळीत कधी आलेच नाही, माझा चेहरा घ्यायला मला विचारलं कुणी? तिनं वही चाळली आणि फार नम्रपणे सांगितलं की मग तुम्ही दुसऱ्याचा चेहरा विनापरवानगी वापरताय, त्याची तक्रार होऊ शकते.

भिंगरे, मी हा चेहरा तुझ्या आधी चौतीस वर्षं वापरतेय!

मी पिशवीतून माझी पट्टी काढली. म्हटलं, सदतीस वर्षं मी लोकांची तोंडं मोजते. माणूस समोर बसतो, मी विचारते, मोजू का? तो हो म्हणतो, मगच नाकाला पट्टी लावते. आकडा चिठ्ठीवर लिहिते, चष्मा झाला की चिठ्ठी त्याला देते. तुम्ही न विचारता मोजता, आणि चिठ्ठी रस्त्यावर चिकटवता. मागे पोरं गोळा झाली होती. टाळ्या पडल्या. मला घाम फुटला.

आता दोन तारखेला सभागृहात विद्यार्थ्यांची सभा आहे. पुढल्या सत्रापासून हजेरीही टोळीनंच चेहऱ्यावरून घ्यावी असा प्रस्ताव आलाय. गोलकीपरनं बोलणाऱ्यांच्या यादीत मला न विचारता माझं नाव घातलं. मी आत्तापासून आरशासमोर तालीम करतेय.

आणि मुख्य गोष्ट. बापाला सगळं सांगून टाक. माझं गुपित गेलं खड्ड्यात. माझ्यामुळे तुझं एक वर्ष बुडालं तर माझ्या बी.ए.ला काय जाळायचंय?

लोभ असू दे, आणि थोडा रागही असू दे, मला त्याची गरज आहे.

तुझी
आत्या

~

२ सप्टेंबर, संध्याकाळ

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हात हसून हसून दुखतोय. हात कसा दुखेल म्हणशील, पण दुखतोय.

आधी कबुली. तुझं पत्र मिळालं, पण बाबांना मी सांगितलं नाही. तुझी गोष्ट तू सांगायची, मी मधेच फोडायची नाही, असं ठरवून बसले होते. वाटलं, बाबा आले की समोरासमोर एखादी वाट निघेल.

ते साडेदहाला आले. वसतिगृहाच्या बाईंनी त्यांना पाहुण्यांच्या खोलीत बसवलं, त्या बुटक्या लोखंडी खुर्चीवर, गुडघे छातीशी. खिशातून आईनं लिहून दिलेले प्रश्न काढले. नऊ होते. पहिला, तू कुणाच्या नादी लागली आहेस का. मी नाही म्हटलं. दुसरा, मग स्कूटरवर कोण. मी म्हटलं, एक गोलकीपर. बाबांनी चष्मा काढून पुसला. तिसऱ्या प्रश्नाला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या खिशात घंटी वाजली. त्यांनी फोन काढला.

आपले पाल्य या क्षणी सभागृहात व्यासपीठावर आहे, असं त्यावर आलं होतं.

बाबांनी फोनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परत फोनकडे. मग, आत्या, शप्पथ सांगते, त्यांनी हात लांब करून माझ्या खांद्याला बोट लावून पाहिलं.

मी म्हटलं, बाबा, मी इथेच आहे, दाबून बघा हवं तर. त्यांनी घंटीबरोबर आलेला थेट व्हिडिओ लावला. कुणीतरी मागून घेत होतं, चित्र हलत होतं. तू माईकसमोर उभी होतीस. माईक बंद होता आणि तू तसंच बोलत होतीस. मग कुणीतरी बटण दाबलं आणि तुझा आवाज आला. तू मनगटाच्या मागच्या बाजूनं चष्मा वर ढकललास.

बाबा खुर्चीतून उठले. म्हणजे उठायला गेले, खुर्चीही बरोबर उठली. खुर्ची तशीच मागे अडकलेली, ते म्हणाले, ही तर ताई. इतक्या हळू म्हणाले की मला वाटलं, त्यांना रडू येणार. मग मी सगळं सांगितलं. बारावी, बी.ए., चणे, सूर्यास्त, सगळं. सूर्यास्ताच्या वेळी त्यांचा चेहरा काळवंडला आणि त्यांनी बाईंना विचारून माझ्या खोलीत येऊन खिडकीची कडी स्वतः लावून पाहिली. आणि चण्यांशी पुन्हा आले तेव्हा असे हसले की बाई धावत आल्या.

प्रश्नांचा कागद त्यांनी घडी करून खिशात टाकला. सात उरले होते. मला घरी नेण्याचा विषय परत निघाला नाही. आईला फोन लावून म्हणाले की पोरगी ठीक आहे, आता तू खुर्चीवर बस आणि मग ऐक.

सभेत पुढे काय झालं? व्हिडिओ मधेच थांबला आणि आम्ही दोघं फोनकडे बघत बसलोय. लवकर लिही.

प्रेमाचं वजन जास्त झालंय, पाकिटाला जादा तिकीट लावते.

तुझी, फक्त माझीच,
भिंगरी

~

४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला पत्र लिहिता येत नाही, तुला ठाऊक आहे. कार्यालयातली पत्रं तेवढी येतात. तेव्हा मुद्द्याचं लिहितो.

एक. टोळीला आणि दोन्ही कॉलेजांना मी रजिस्टर पत्र पाठवलं आहे. मुलीच्या वतीनं दिलेली संमती मागे घेतो असं लिहिलं. मुलगी सज्ञान आहे, तिच्या वतीनं ती देण्याचा मला अधिकारच नव्हता, हेही लिहिलं.

दोन. सूर्यास्ताची तक्रार मी स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन नोंदवली.

तीन. हा मुद्दा लिहायला दोन दिवस लागले.

मी कॉलेजात होतो तेव्हा माझी पुस्तकं तू दुकानातून आल्यावर उघडायचीस. मी आलो की मिटायचीस. पानाच्या कडेला भिंगं घासायची पांढरी पूड असायची. मला कळत होतं ताई. मी एकदाही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

ते यंत्र तुला माझी मुलगी समजलं, त्याला मी दोष देत नाही. फोटो पाहून मीही फसलो, व्हिडिओत तू मनगटानं चष्मा ढकललास तेव्हा मात्र एका क्षणात ओळखलं. पण बरोबर ओळखायला मलाही तीस वर्षं लागली.

पुस्तकं आणणार नाही. रोज फोन करणार नाही. खुशाल नापास हो.

मोठ्यांनी लहानांवर राग धरू नये एवढीच विनंती.

तुझा
धाकटा

~

१८ डिसेंबर
दुकान, काउंटरमागे

चि. भिंगरीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

आधी निकाल. मराठी पास, इतिहास पास, राज्यशास्त्रात वर्गात तिसरी. अर्थशास्त्र नापास! सत्तावीस! मी मुक्तपणे, स्वखुशीनं, कुणाचीही भीड न ठेवता नापास झाले.

सभेचं तर तुला माहीतच आहे. विरोधात चारशे अठरा हात वर झाले आणि हजेरीचा प्रस्ताव पडला. प्राचार्यांनी महिनाभर घोळ घातला, पण शेवटी टोळीला कळवलं की ज्यानं स्वतः लिहून मागितलं त्याचाच चेहरा जुळवायचा, बाकी सगळे पुसायचे. फुग्यांचं टेबल गेलं. ती गोड मुलगी मात्र मला भेटून गेली, तिला चष्मा लागलाय. मी विचारलं, मोजू का? ती खूप हसली. सूर्यास्त कोण होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. खातं बंद झालं एवढंच. गोलकीपर अजून काठी घेऊनच येते, आणि मी तिला नको म्हणत नाही. तुझा पडदा आता उघडा असतो असं तुझा बाप सांगत होता, ते ऐकून मला निकालापेक्षा बरं वाटलं.

आता कालची गंमत. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या नापासांची पालकसभा असते. पालक आणल्याशिवाय पुढल्या सत्राचा अर्ज देत नाहीत. मी कार्यालयात म्हटलं, मला आईबाप नाहीत, नवरा नाही, मी त्रेपन्न वर्षांची आहे. कारकून म्हणाले, नियम म्हणजे नियम. मी हसत हसत तुझ्या बापाला सांगितलं, नुसती गंमत म्हणून. तो पहिल्या गाडीनं आला! इस्त्रीचा शर्ट, नवीन पेन, भांग पाडलेला.

कारकुनांनी नात्याचा रकाना वाचला, धाकटा भाऊ. ते म्हणाले, पालक वयानं मोठा पाहिजे. तुझा बाप ताठ उभा राहिला आणि म्हणाला की ही पहिल्या वर्षाला आहे आणि मी पदवी घेऊन सत्तावीस वर्षं झाली, म्हणजे मोठा कोण, तुम्हीच सांगा. कारकुनांनी मुकाट्यानं शिक्का मारला.

मग अर्थशास्त्राच्या सरांनी माझ्या देखत त्याला सांगितलं की ही तासाला बोलते, झोपते, बाकाखाली खाते, आणि हिच्यामुळे शेजारचीही बिघडते. शेजारची म्हणजे गोलकीपर, ती तिच्या आईमागे लपून खिदळत होती. तुझा बाप फार गंभीरपणे मान डोलवत राहिला. म्हणाला, मी घरी गेल्यावर बघतो हिच्याकडे.

बाहेर आलो. वऱ्हांड्यात सगळा वर्ग उभा होता. तिथे, सगळ्यांसमोर, जन्मात ज्यानं माझ्याशी आवाज चढवला नाही त्या तुझ्या बापानं हात वर केला आणि माझा कान पकडला. धरला जेमतेम. पण चांगला पिळला.

इतके लाड माझे कुणी कधी केले नव्हते ग.

कान अजून लाल आहे. लोभही तसाच, आणि तो उतरायला नको.

तुझी
आत्या
(प्रथम वर्ष, बी.ए.)